कुठल्याच ग्रहावर नसलेला बर्फ

यंदाच्या विज्ञान दिनाला आमच्याकडच्या वाचनालयात गुरू-शनीवर व्याख्यान झाले. वक्ता तरुण होता, अभ्यास करून आला होता. ओघात तो म्हणाला की या ग्रहांचा प्रकाश नीट समजावा म्हणून प्रयोगशाळेत हायड्रोजन गोठवतात आणि त्यातून लेझर सोडतात. प्रश्नोत्तरांत वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. "हायड्रोजन गोठतो उणे २५९ अंशांना. गुरू सोडा, नेपच्यूनसुद्धा एवढा गार नाही. जो बर्फ एकाही ग्रहावर नाही, त्यात लेझर मारून ग्रहांचं काय कळणार? आणि हे सगळं कुणाच्या पैशानं?" वक्ता हसला. "काका, उद्या तुमची स्कूटर हायड्रोजनवर चालणार आहे!" टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शन झाले, चहा आला.

प्रश्न पहिल्या प्रतीचा होता आणि उत्तर टाळाटाळीचे. पुढचे आठ दिवस वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर जे रण माजले, त्यातही कुणी त्या प्रश्नाला हात घातला नाही. एक बाजू म्हणे, विहिरी कोरड्या पडल्या आहेत आणि यांना हायड्रोजनचा बर्फ सुचतो. दुसरी बाजू ज्ञानासाठी ज्ञान, इंटरनेट, एमआरआय वगैरे नेहमीची यादी वाचून दाखवी. दोघांनी एक गोष्ट मुकाट्याने मान्य केली होती, ती म्हणजे या बर्फाचा ग्रहांशी खरा संबंध नाही. एकाला ते बोलून दाखवायचे होते, दुसऱ्याला झाकायचे होते. मला दोघेही चुकलेले वाटतात. संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे. प्रकाश रंगांत फोडून त्याचा पट्टा, म्हणजे वर्णपट, पाडला की त्यात रेषा दिसतात. आकाशातून आलेली अशी रेष स्वतःचे नाव सांगत नाही, ती कुठल्या द्रव्याची ते जमिनीवरच्या प्रयोगशाळेत ठरते. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवले आहेत आणि ते वाचणारे किती थोडे, हे आपल्याला माहीत आहे. प्रयोगशाळेला उपाशी ठेवून दुर्बिणी उभारणे म्हणजे मोडी शिकवायची सोय न करता आणखी रुमाल गोळा करणे.

हे नुसते रूपक म्हणून सोडून देता येणार नाही, कारण किंमत मोजून झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वालांत एक पिवळी रेष दिसली. आधी ती सोडियमचीच समजली गेली. ती सोडियमच्या जागेवर बसत नाही असे ध्यानात आल्यावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची ठरवली आणि त्याला हेलियम हे नाव पडले. (विजयदुर्गावर लॉकियर यांनी हेलियम शोधला ही आपली लाडकी कथा आहे. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्याची साक्ष म्हणून दाखवतात. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गाला त्यांनी तळ ठोकला तो १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. गाव मोठे व्हायला खरी हकीकत पुरेशी आहे.) हेलियमवर सगळ्यांचा विश्वास कधी बसला? १८९५ साली रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू नळीत भरून तीच पिवळी रेष लंडनमध्ये पाडून दाखवली तेव्हा. मधली २७ वर्षे हेलियम ही एक वदंताच होती. आणि नशीब नेहमी असे साथ देत नाही. हेलियमच्या रेषेनंतर पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात, सूर्याभोवतीच्या तेजोवलयात, म्हणजे प्रभामंडलात, हिरवी रेष सापडली. त्याच तर्काने तिच्यासाठीही नवे मूलद्रव्य कल्पिले गेले, कोरोनियम. ते अस्तित्वातच नव्हते. सुमारे सत्तर वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी प्रयोगशाळेतल्या वर्णपटांच्या आधारे दाखवले की ती रेष तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या लोखंडाची आहे. लोखंडाचे एवढे इलेक्ट्रॉन उडायचे तर तापमान दहा लाख अंशांच्या घरात हवे. म्हणजे सूर्याचा प्रभामंडल त्याच्या पृष्ठभागाहून कित्येक पटींनी तप्त आहे, ही विसाव्या शतकातल्या सौरविज्ञानाची एक मोठी बातमी सत्तर वर्षे डोळ्यांसमोर हिरव्या अक्षरात लिहिलेली होती. दुर्बिणी कमी पडल्या नव्हत्या, कमी पडला तो रेषा ओळखायचा कोश.

आता हायड्रोजनकडे. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या चौघांच्या वातावरणात सर्वांत जास्त तोच आहे, आणि तोच सर्वांत लाजरा. रेणूने अवरक्त प्रकाश, म्हणजे तांबड्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, शोषायचा किंवा सोडायचा तर त्याच्या अंगावर विजेचा थोडा तरी असमतोल लागतो, एक टोक जरा धन, दुसरे जरा ऋण. पाण्याच्या रेणूत तो आहे, अमोनियात आहे. हायड्रोजनच्या रेणूची दोन्ही टोके हुबेहूब सारखी. तो कितीही फिरो, कितीही थरथरो, बाहेर जवळजवळ पत्ता लागत नाही. मग त्याला ओळखायचे कसे? १९४९ साली टोरांटोत वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दाटीत हा रेणू बोलतो. दोन रेणू एकमेकांवर आदळतात त्या क्षणापुरता त्यांचा समतोल बिघडतो आणि तेवढ्या वेळात ते प्रकाश शोषून घेतात. त्याच वर्षी टेक्सासातल्या मॅक्डोनाल्ड वेधशाळेच्या ८२ इंची दुर्बिणीवर काम करणाऱ्या कायपर यांनी युरेनसच्या वर्णपटात ८२७० अँगस्ट्रॉमपाशी (अँगस्ट्रॉम हे प्रकाशलहरीच्या लांबीचे माप) एक धूसर पट्टा नोंदवला. तो कशाचा, ते कळेना. १९५२ साली ओटावात हर्ट्झबर्ग यांनी दाबाखालचा, द्रव नायट्रोजनच्या थंडीतला हायड्रोजन घेतला, त्यातून प्रकाशाला ८० मीटरांची वाट चालायला लावली आणि तोच पट्टा जमिनीवर पाडला. युरेनस-नेपच्यूनवर हायड्रोजन आहे याचा पहिला थेट पुरावा असा एका नळीतून निघाला.

मग गोठवायचे कशासाठी? इथे त्या निवृत्त गृहस्थांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. वायूतली टक्कर क्षणार्धात संपते. एवढ्या घाईच्या भेटीत पडलेली रेष पसरट असते, तिच्यात चार-पाच वेगवेगळी कारणे एकमेकांत कालवलेली असतात. घन हायड्रोजनमध्ये प्रत्येक रेणूभोवती बारा शेजारी कायमचे उभे. ती न संपणारी टक्करच म्हणा. आणि या बर्फाची नवलाई अशी की स्फटिकात अडकूनही रेणू आपापल्या जागी जवळपास मोकळेपणाने गिरकी घेत राहतो, वायूत घ्यायचा तशीच. पाण्याच्या बर्फात रेणू बांधलेले असतात, इथे ते फक्त दाटीने उभे आहेत. त्यामुळे वायूत जे पट्टे फासल्यासारखे दिसतात, ते इथे सुईच्या टोकासारखे बारीक होतात. टोरांटोत एलिझाबेथ ॲलिन, वेल्श आणि मंडळींनी १९५० च्या दशकात हे वर्णपट घेतले, व्हान क्रानेनडोंक यांनी त्यांचे गणित बसवले. १९८० च्या दशकात शिकागोत ताकेशी ओका यांनी लेझर आणले तेव्हा तर रेणूच्या विद्युतभाराच्या मांडणीतले इतके सूक्ष्म बारकावे दिसू लागले, की १९८९ साली रेणू एका झेपेत फिरकीच्या सहा पायऱ्या चढतो ते शोषणही सापडले. त्याला कारणीभूत असलेल्या मांडणीचे नाव चौसष्ट-ध्रुवी. चौसष्ट कलांच्या देशात हे नाव अजून कुणी कौतुकाने घेतलेले मी ऐकले नाही.

एका रेणूचा शेजाऱ्यावर किती परिणाम होतो, त्याची फिरकी दुसऱ्याच्या विद्युतक्षेत्राला कशी हलवते, हे आकडे घनात सुटे करून मोजता येतात. वायूच्या पसरट पट्ट्यांचे गणित याच जातीच्या आकड्यांवर उभे असते. आणि चारही महाग्रहांची अवरक्त उष्णता किती खोलीवरून बाहेर येते, कुठल्या थराचे तापमान किती, हायड्रोजनमध्ये हेलियम किती मिसळला आहे, हे सगळे त्या पट्ट्यांवरून काढतात. व्हॉयेजर यानांनी चार ग्रहांजवळून जाताना जमवलेले अवरक्त वर्णपट याच कोशाने वाचले. गुरूवर बर्फ नाही, हे बरोबर. पण बर्फात जे सुटे कळते, ते गुरूवर मिसळलेले आहे.

विज्ञान दिनाच्या व्याख्यानातच हा विषय निघाला हा योगायोग वक्त्याच्याही ध्यानात आला नसावा. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात आपला परिणाम (रेणूंवरून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, तो) पक्का केला, आणि पुढच्याच वर्षी टोरांटोत मॅकलेनन आणि मॅक्लिओड यांनी तो द्रव हायड्रोजनवर लावून पाहिला. सिद्धांत सांगत होता की हायड्रोजनच्या दोन जाती असणार, दोन प्रोटॉनांच्या फिरकीवरून ठरणाऱ्या, ऑर्थो आणि पॅरा. नेहमीच्या तापमानाला त्यांचे प्रमाण तीनास एक. थंड केल्यावर सगळे पॅरा व्हायला हवे, पण हे रूपांतर रेंगाळत चालते. द्रव हायड्रोजनच्या रामन वर्णपटात दोन्ही जातींच्या रेषा शेजारी शेजारी दिसल्या. या रेंगाळण्याचा ग्रहांना काय उपयोग? गुरूच्या पोटातल्या उष्ण थरांत प्रमाण तीनास एकच असते. तिथला वायू वर आला, गार झाला, तरी काही काळ तो जुनेच प्रमाण घेऊन हिंडतो. घाटावर कोकणी बोलीत बोलणारे कुणी भेटले की हा खालून आलेला, हे जसे कळते तसे. व्हॉयेजरच्या मोजणीत गुरूच्या विषुववृत्ताजवळ पॅराचे प्रमाण तिथल्या तापमानाच्या हिशेबापेक्षा कमी निघाले, म्हणजे तिथे वायू खालून वर येतो आहे. ढगांखालची हालचाल, कुणी आत न उतरता.

वक्त्याचे स्कूटरचे उत्तर इथे नीट बसवता आले असते, पण उलट्या बाजूने. हायड्रोजन घाईने द्रव करून कितीही चांगल्या थर्मासमध्ये ठेवा, ऑर्थोचे पॅरा होताना जी उष्णता सुटते ती किलोमागे सुमारे ५२७ किलोज्यूल असते, आणि तो उकळायला लागते सुमारे ४४६. टाकी स्वतःच्याच उष्णतेने रिकामी होते. म्हणून द्रव करतानाच आयर्न ऑक्साइडसारखे उत्प्रेरक घालून हे रूपांतर आधी उरकून घेतात. हरित हायड्रोजनसाठी २०२३ साली १९,७४४ कोटींचे अभियान जाहीर करणाऱ्या देशाला हे ठाऊक असायला हवे, यात वाद नाही. तरीही मी हा मुद्दा मुख्य मानत नाही. स्कूटरच्या नावाने मागितलेला पैसा स्कूटर न आल्यास परत द्यावा लागतो, आणि समजा ती आली, तर प्रयोगशाळेचे काम संपले असे समजून तो बंद होतो.

विरोधकांचे सर्वांत जोरदार म्हणणे पैशाचे नाहीच. ते असे, की एवढ्या साध्या रेणूचे सगळे संगणकावरच काढता येते, मग बर्फ कशाला पाडायचा? याला इतिहासाचा चांगला आधार आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. १९६० च्या दशकात कोलोस आणि वोल्निएविच या पोलिश जोडीने हायड्रोजनचा रेणू तोडायला लागणारी ऊर्जा गणिताने काढली, ती हर्ट्झबर्ग यांच्या मोजमापाशी जुळेना. १९७० साली हर्ट्झबर्ग यांनी पुन्हा मोजले. गणित बरोबर होते, प्रयोग चुकला होता. वर्णपटशास्त्रातल्या त्या भीष्माचार्यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळाले, आणि त्यांनी आपली चूक स्वतःच दुरुस्त केली होती हे मला त्या पारितोषिकाइतकेच मोठे वाटते. तेव्हा एका एकट्या रेणूपुरते विरोधक जिंकले आहेत, हे मान्य.

पण गुरू म्हणजे एक रेणू नव्हे. रेणूंची गर्दी झाली की गणिताचे काय होते? विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ साली भाकीत केले की सुमारे २५ गिगापास्कल दाबाला, म्हणजे वातावरणाच्या अडीच लाख पट दाबाला, हायड्रोजन धातू होईल. प्रयोग तिथवर पोहोचले आणि पुढे गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हिऱ्यांच्या चिमटीत दाबलेल्या घन हायड्रोजनवर लेझर टाकला, तेव्हा १५० गिगापास्कलपाशी रेणूच्या कंपनाची रेष एकदम खाली घसरली. स्फटिकाची एक नवी अवस्था सापडली, पण धातू नाही. घन हायड्रोजन धातू झाल्याचे आजचे दावे ४०० गिगापास्कलच्या वरचे आहेत. पहिला अंदाज निदान सोळा पटींनी चुकला. संगणक आज कितीतरी तरबेज आहेत, तरी गर्दीचे गणित तपासायला त्यांना प्रयोगाचे खुंटे लागतात. गुरूच्या पोटात धातुरूप हायड्रोजन आहे तो घन नसून तप्त द्रव आहे, ही अडचण खरी. पण दोन्हींचे गणित एकच, आणि ते सोप्या टोकाला जमत नसेल तर अवघड टोकाला त्यावर भरवसा कोण ठेवील?

या क्षेत्रात गाजावाजाही झाला आहे, तो आक्षेपही रास्त आहे. २०१७ साली हार्वर्डमधून धातुरूप घन हायड्रोजन बनल्याची बातमी जगभर गेली. तज्ज्ञांनी शंका काढल्या आणि महिन्याभरात हिरा फुटून नमुनाच नाहीसा झाला. त्याच वर्षी बाहेरून येऊन सूर्यमालेतून गेलेल्या औमुआमुआ या पाहुण्याला पुढे काहींनी हायड्रोजनचा हिमनग ठरवले, तर काहींनी गणित मांडून म्हटले की तो इथे पोहोचण्याआधीच वाफ होऊन विरून गेला असता. यावरून हे शास्त्रच पोकळ असे कुणी म्हटले तर त्याला मी विचारीन, हार्वर्डचा दावा लगेच लटपटला तो कशामुळे? दाब मोजायची, कंपनाची रेष ओळखायची तीस-चाळीस वर्षांची वर्णपटांची शिदोरी इतरांकडे होती, म्हणूनच ना?

ओका यांची आणखी एक हकीकत या वादात यायला हवी होती. तीन प्रोटॉनांना मिळून दोन इलेक्ट्रॉन, असा एच-थ्री-प्लस नावाचा आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, जे. जे. थॉमसन यांना १९११ साली विद्युतनळीत सापडला होता. त्याचा वर्णपट मात्र कुणाकडे नव्हता. ओका यांनी ओटावात पाच वर्षे खपून १९८० साली लेझरने त्याच्या पंधरा रेषा पकडल्या.  १९८० च्या दशकाच्या शेवटी गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात अनोळखी रेषा दिसल्या. त्या पाहणाऱ्या एका गटाने आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांना 'न ओळखलेल्या' म्हटले. १९८९ मध्येच त्यांना नाव मिळाले, कारण ओळखपत्र आधीच तयार होते. पुढे शनी, युरेनस, आणि २०२५ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून नेपच्यूनसुद्धा. कोरोनियमची सत्तर वर्षे आणि या रेषांची एक-दोन वर्षे यांत फरक कशाचा?

राहिला पैसा. २०२०-२१ साली आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च केले, त्यातून आधी विहीर की आधी वर्णपट हा प्रश्न मला थट्टेचा वाटत नाही. पण विहिरीचे पैसे वर्णपटाने खाल्ले असे दिसत नाही, दोघेही उपाशीच आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याला स्वस्तपणाचा अभिमान फार. मंगळयान चित्रपटापेक्षा स्वस्त, रामन यांची उपकरणे किती साधी, हे आपण मुलांना चवीने सांगतो. आणि जिथे खर्च करतो तिथे उद्घाटनाची फीत कापता येईल अशाच वस्तूवर करतो. हायड्रोजन गोठवणारी टाकी, पंप, लेझर आणि दहा वर्षे तिथे बसून रेषा मोजणारी चार माणसे यांचे उद्घाटन होत नाही. मागणी साधी आहे. आकाशातला प्रकाश वाचण्यासाठी जे यान किंवा जी दुर्बीण मंजूर होईल, तिच्या खर्चातच प्रयोगशाळेतल्या वर्णपटमोजणीचा ठरलेला वाटा लिहून ठेवावा, अनुदान म्हणून मागून घ्यायला लावू नये.

त्यावर लगेच ऐकू येईल की असा वाटा काढला तर दुर्बीण तेवढी लहान होईल. होईल थोडी. कायपर यांच्या हाताशी त्या काळातली जगातल्या मोठ्यांपैकी एक दुर्बीण होती, आणि युरेनसचा तो पट्टा तीन वर्षे त्यांच्याकडे बिननावाचा पडून होता.